हरपणे : केशवसुत आणि कवितेतला खंड

मराठी कवींच्या चरित्रांत जन्मगाव, शिक्षण, नोकऱ्या, संग्रह आणि पुरस्कार यांची नोंद काळजीपूर्वक केलेली असते. ज्या वर्षांत त्यांच्या हातून काहीच लिहून झाले नाही, त्या वर्षांची नोंद क्वचितच सापडते. फार तर ‘या काळात त्यांचे लेखन मंदावले’ असे एक वाक्य येते आणि चरित्रकार पुढच्या संग्रहाकडे वळतो. ‘मंदावले’ या शब्दाच्या पोटात काय काय असू शकते, हा या लेखाचा विषय आहे.

हा विषय माझ्याकडे केवळ अभ्यासाच्या वाटेने आलेला नाही. माझा दुसरा संग्रह निघाला त्याला नऊ वर्षे झाली. त्यातली अलीकडची सहा वर्षे मी एकही कविता पूर्ण केलेली नाही. ओळी सुचतात, दोन दिवस राहतात आणि तिसऱ्या दिवशी परक्या वाटतात. सुरुवातीला मी हे वयाच्या, मग नोकरीच्या, मग काळाच्या खात्यावर टाकून पाहिले. शेवटी ठरवले, की स्वतःची नाडी स्वतः बघत बसण्यापेक्षा ज्यांच्या कवितेचा पाया आपल्याला मिळाला, त्यांच्या खंडांकडे नीट पाहावे. मी रत्नागिरीत राहते. त्यामुळे पहिले नाव शोधायला लांब जावे लागले नाही. गणपतीपुळ्याच्या शेजारचे मालगुंड हे कृष्णाजी केशव दामले यांचे, म्हणजे केशवसुतांचे जन्मगाव.

१

केशवसुतांचा जन्म १८६६चा आणि मृत्यू ७ नोव्हेंबर १९०५चा, हुबळीला, प्लेगने. आयुष्य चाळिशीच्या आतले. त्यातली लेखनाची वर्षे साधारण वीस आणि कविता सुमारे १३५. भागाकार केला तर वर्षाला सात कवितासुद्धा पडत नाहीत. आधुनिक मराठी कवितेचा प्रवर्तक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्याचा हा हिशेब आहे. यात भाषांतरे आणि रूपांतरेही आली. आज एखादा नवा कवी एका पावसाळ्यात जेवढे लिहितो आणि प्रसिद्धही करतो, तेवढे लिहायला केशवसुतांना कित्येक वर्षे लागली.

सरासरीचा दोष असा, की ती खंड झाकते. केशवसुतांच्या बाबतीत एक सोय आहे. त्यांच्या अनेक कवितांखाली स्थळ आणि तारीख असते. त्या तारखा एका कागदावर ओळीने मांडल्या, की कविता सारख्या अंतराने येत नाहीत हे लगेच दिसते. ‘तुतारी’ आणि ‘झपूर्झा’ या एकमेकींपासून अगदी वेगळ्या प्रकृतीच्या दोन कविता एकाच वर्षातल्या, १८९३मधल्या आहेत. ‘सतारीचे बोल’ १९००ची, ‘आम्ही कोण?’ १९०१ची आणि ‘हरपले श्रेय’ अखेरच्या वर्षातली, १९०५ची. एका कवितेतून दुसरी उमलत गेली असा हा आलेख नाही. त्यात भरती आहे, ओहोटी आहे, आणि ओहोटीच्या वेळी उघडे पडलेले खडकही आहेत.

या आलेखाशेजारी चरित्र ठेवून पाहू. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून ते मॅट्रिक झाले ते १८८९मध्ये, म्हणजे तेविसाव्या वर्षी. लग्न त्याच्या कितीतरी आधी झालेले. पुढे मुंबईत शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या तात्पुरत्या नोकऱ्या. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यानंतर त्यांनी मुंबई सोडली आणि खानदेशात भडगावला शिक्षकी धरली. शिक्षकाची परीक्षा देऊन ते फैजपूरला मुख्याध्यापक झाले, आणि १९०४मध्ये धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक म्हणून गेले. दीड वर्षाने हुबळीला नातलगांकडे गेले असता सगळे संपले. पाठोपाठ आठवड्याभरात पत्नी रुक्मिणीबाईही गेल्या. त्यांचे छायाचित्र उपलब्ध नाही. हयातीत संग्रह निघाला नाही. तो हरि नारायण आपटे यांनी पुढे, मृत्यूनंतर दहा-बारा वर्षांनी काढला.

अशा आयुष्यातल्या कोरड्या काळाचे कारण विचारले, तर आपण चटकन ‘हलाखी’ म्हणतो. पण तारखा तसे म्हणू देत नाहीत. ‘तुतारी’ आणि ‘झपूर्झा’ यांचे वर्ष हे मुंबईच्या अस्थिर नोकऱ्यांच्या काळातले आहे. उलट ‘हरपले श्रेय’ ही धारवाडच्या त्यातल्या त्यात स्थिर नोकरीच्या काळातली. खिसा रिकामा असताना सर्वांत मोठा आवाज निघाला आणि घडी बसू लागली तेव्हा काहीतरी हरपल्याची जाणीव शब्दांत आली. हलाखी कवीला थकवते, वेळ खाते, आयुष्य कमी करते हे खरे. पण कविता थांबण्याचे ते पुरेसे स्पष्टीकरण नाही. तेवढ्याच खात्रीने ‘दुःखातून कविता येते’ हेही म्हणता येत नाही. दोन्ही समजुतींना केशवसुतांच्या तारखा आड येतात.

२

‘हरपले श्रेय’ ही कविता मराठी समीक्षेने ‘गूढगुंजन’ या सदरात टाकली. ‘झपूर्झा’, ‘म्हातारी’, ‘कोणीकडून? कोणीकडे?’ यांच्या पंगतीत तिला बसवले, आणि आत्म्याची परमतत्त्वासाठी चाललेली तळमळ असा तिचा अर्थ लावला. तो चुकीचा म्हणता येणार नाही. कवितेचा सूर त्याला वाव देतो. पण त्या वाचनाने एक साधी गोष्ट नजरेआड होते. ही कविता लिहिणारा माणूस संत नव्हता, वीस वर्षे कविता लिहिणारा शिक्षक होता. जे एकदा आपले होते, ज्याची ओळख पटलेली होती, ते आता तिन्ही लोक धुंडाळूनही सापडत नाही, ही तक्रार कवीच्या तोंडी येते तेव्हा तिचा पहिला अर्थ कवितेशी निगडित असणे स्वाभाविक आहे. मी ती कवितेच्या खंडाविषयीची कविता म्हणून वाचते.

या वाचनाला दोन शब्द आधार देतात. पहिला ‘श्रेय’. हरपले ते ‘स्फूर्ती’ नाही, ‘प्रतिभा’ नाही, ‘कीर्ती’ तर नाहीच. कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतला फरक सांगतो: एक हिताचे, दुसरे सुखाचे, शहाणा पहिले निवडतो. लेखनातले प्रेय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. छापून येणे, दाद मिळणे, जमून गेलेल्या ओळीचा आनंद होणे. ते गेले तर माणूस खट्टू होतो, पण लिहायचा थांबत नाही. केशवसुतांना हयातीत प्रेय फार मिळाले असेही नाही. ‘करमणूक’ आणि ‘काव्यरत्नावली’ यांच्या वाचकवर्गापलीकडे त्यांचे नाव फारसे नव्हते. त्यांच्या शब्दनिवडीतून दिसते ते असे, की हरपते ते लिहिण्याचे कारण, ‘हे कशासाठी?’ या प्रश्नाचे उत्तर. आज ज्याला सरसकट ‘प्रेरणा गेली’ म्हणतात, त्यातल्या नेमक्या दुखऱ्या जागेवर हा शब्द बोट ठेवतो.

दुसरा शब्द ‘हरपले’. हरवणे आणि हरपणे यांत फरक आहे. किल्ली हरवते, ती कुठे ठेवली हे आठवले तर सापडते. हरपणे ही क्रिया नकळत होते. कुणी काही चोरलेले नसते, कुणी काही टाकलेले नसते. मराठीत छत्र हरपते, देहभान हरपते. याच क्रियापदाचे दुसरे टोक ‘झपूर्झा’त आहे, असे मला वाटते. तिथे जी अवस्था वर्णिली आहे, तिला आपल्या भाषेत भान हरपणेच म्हणतात. एका टोकाला भान हरपते आणि कविता येते. दुसऱ्या टोकाला श्रेय हरपते आणि कविता जाते. दोन्हींमध्ये कवीचा हात नाही.

‘झपूर्झा’ हे शीर्षक कुठून आले हे केशवसुतांनीच सांगून ठेवले आहे. मुलींच्या खेळातले ‘जा पोरी जा’ हे शब्द भरभर म्हटले, की त्यांचा हा ध्वनी होतो. आपल्याला जिथे काहीच नाही असे वाटते, तिथूनच महात्मे जगाच्या उपयोगाच्या वस्तू बाहेर काढतात, त्या महात्म्यांची स्थिती ध्यानात ठेवून हे गाणे वाचावे, अशा आशयाची त्यांची टीपही आहे. ही टीप मी विद्यार्थ्यांना अनेकदा वाचून दाखवली. तिच्यातल्या ‘काहीच नाही’ या भागाकडे माझे लक्ष गेले ते माझा स्वतःचा खंड लांबल्यावर. कविता सुरू होते तेव्हा हर्ष आणि खेद दोन्ही विरलेले आहेत. हसू नाही, आसूही नाही. ही ओळख कुणाची? तल्लीन माणसाची, तशीच पार आटलेल्या माणसाचीही. बाहेरून पाहणाऱ्याला दोघे सारखेच दिसतील: बोलत नाहीत, कशाने हलत नाहीत, विचारले तर धड उत्तर देत नाहीत.

तेव्हा केशवसुतांच्या कवितेत ‘नाही’ दोन प्रकारचे आहे. एक भरलेले, एक रिते. समीक्षेने भरलेल्याला गूढ म्हटले आणि रित्यालाही गूढच म्हटले. त्यामुळे रित्याविषयी बोलायची भाषाच आपल्याकडे घडली नाही. कवी एक तर साक्षात्कारी, नाही तर संपलेला. मधल्या जागेला नाव नाही. लिहित्या कवींचे आयुष्य मात्र बहुतांशी त्या मधल्या जागेतच जाते.

३

त्या मधल्या जागेत केशवसुत काय करत होते? त्यांच्या कवितांमधूनच तीन गोष्टी दिसतात.

पहिली, त्यांनी नाकारलेपणालाच विषय केले. विद्यार्थिदशेतली ‘दुर्मुखलेला’ ही कविता घ्या. चेहऱ्यावरून बोल लावणाऱ्या मास्तरांना ती उत्तर देते, ते रडगाण्याने नव्हे. ज्याला तुम्ही दुर्मुखलेपण म्हणता, त्याच्या आत काय चालले आहे ते पुढे कळेल, असा तिचा रोख आहे. मुळात साधन नसलेली गोष्ट साधन म्हणून वापरायची, ही सवय इथून लागलेली दिसते.

दुसरी, ते दुसऱ्याच्या कलेकडे गेले. ‘सतारीचे बोल’मध्ये काळोखी रात्र आहे, मन विमनस्क आहे, आणि कुठून तरी सतार ऐकू येते. वाजवणारा कोण हे महत्त्वाचे नाही. ऐकता ऐकता मन पायरीपायरीने निवळत जाते. ही निवळण्याची क्रिया सावकाश दाखवण्यातच कवितेचे बळ आहे. एका झटक्यात काहीच होत नाही. या कवितेतला ‘मी’ स्वतः काही निर्माण करत नाही, तो ऐकतो. खंडाच्या काळात कवीने करायची ही फार मोठी गोष्ट आहे आणि नेमकी तीच आपण सोडून देतो. लिहिणे थांबले, की दुसऱ्यांचे वाचणे नकोसे होते. त्यात हेवा असतो आणि लाजही असते. केशवसुतांची भाषांतरे याच अंगाने पाहावीत. आरंभी संस्कृत आणि पुढे इंग्रजी कवितांची त्यांनी केलेली भाषांतरे-रूपांतरे आपण ‘प्रभाव’ या मथळ्याखाली मोजतो. स्वतःचे सुचत नसताना हात चालू ठेवण्याची ती रीत असावी, असा माझा तर्क आहे.

तिसरी, त्यांनी रूप बदलले. १८९२मध्ये त्यांनी सुनीत मराठीत आणले, चौदा ओळींचे म्हणून त्याला ‘चतुर्दशक’ म्हटले. अक्षरगणवृत्ते हाताळता हाताळता ते मात्रांच्या मोकळ्या चालींकडे गेले, आणि ‘झपूर्झा’त तर पोरींच्या खेळातली लय उचलली. सुचणे थांबते तेव्हा पुष्कळदा आशय संपलेला नसतो. सवयीच्या साच्यातून तो यायला तयार नसतो.

४

हे केशवसुतांपुरतेच आहे का, हे पाहण्यासाठी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातलीच आणखी दोन नावे घेते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१मध्ये. तोवर वेंगुर्ले, कुडाळ, देवगड हे सगळे रत्नागिरीतच होते.

चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आरती प्रभू, यांचे ‘जोगवा’ (१९५९) आणि ‘दिवेलागण’ (१९६२) हे संग्रह पाठोपाठ आले. तिसरा ‘नक्षत्रांचे देणे’ १९७५मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी. मधली तेरा वर्षे कवितासंग्रहांच्या यादीत रिकामी दिसतात. पण याच वर्षांत ‘कोंडुरा’सारखी कादंबरी आणि ‘एक शून्य बाजीराव’सारखे नाटक आहे, दोन्ही १९६६ची. पाणी आटले नव्हते, ते दुसऱ्या पाटाने चालले होते. संग्रहांमधले अंतर म्हणजे कवीचे मौन नव्हे, हे संशोधकाने इथे लक्षात ठेवायला हवे. कविता मासिकांतून येत राहतात, संग्रह मागाहून निघतो.

विंदा करंदीकर देवगडकडचे, धालवलीचे. ‘विरूपिका’ १९८१मध्ये आली आणि त्यानंतरचा ‘अष्टदर्शने’ २००३मध्ये. बावीस वर्षे. तेव्हा विंदा पंच्याऐंशी वर्षांचे होते. या अंतराहून मला महत्त्वाचे वाटते ते परतण्याचे रूप. मुक्त सुनीत आणि तालचित्र यांचे प्रयोग केलेला हा कवी परत आला तो ओवी-अभंगाच्या वळणाने, आणि विषय घेतला तो सात पाश्चात्त्य तत्त्वज्ञ आणि आठवा चार्वाक. स्वतःचा आवाज सिद्ध झालेल्या कवीपुढे एक धोका असतो, की तो स्वतःचीच नक्कल करू लागतो. विंदांनी नक्कल टाळली आणि परतले तेव्हा शेकडो वर्षे दुसऱ्यांनी घासूनपुसून ठेवलेले भांडे हातात घेतले. त्याआधी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र, ‘फाउस्ट’ आणि ‘राजा लिअर’ यांची भाषांतरे त्यांनी केली होती, हेही विसरता येत नाही.

जगाच्या साहित्यात अशी उदाहरणे कमी नाहीत. कोलरिजने १८०२मध्ये आपल्या विषण्णतेवर जी दीर्घ कविता लिहिली, ती कल्पनाशक्ती ओसरल्याची तक्रारच आहे. आणि ती तक्रार इतकी चांगली आहे, की तिचे म्हणणे तीच खोडून काढते. ‘हरपले श्रेय’बाबत हेच घडते. रिल्केने ‘दुईनो विलापिका’ १९१२मध्ये आरंभल्या आणि त्या पूर्ण झाल्या १९२२च्या फेब्रुवारीत; मध्ये महायुद्ध होते आणि दहा वर्षे होती. पण या उदाहरणांनी दिलासा घेताना सावध राहिले पाहिजे. आपल्याला परतून आलेल्यांचीच नावे ठाऊक असतात. न परतलेल्यांची यादी कुणी ठेवत नाही.

५

मला अधिक उपयोगी पडले ते आपल्या घरचे काव्यशास्त्र. काव्याची कारणे सांगताना संस्कृत मीमांसकांनी प्रतिभा, व्युत्पत्ती आणि अभ्यास या तिन्हींचा विचार केला. पुढे आपण व्यवहारात प्रतिभा तेवढी ठेवली आणि उरलेली दोन शाळामास्तरांकडे सोपवली. दंडी मात्र ‘काव्यादर्शा’त स्पष्ट सांगतो, की पूर्वसंस्काराने आलेली प्रतिभा नसली, तरी अध्ययनाने आणि यत्नाने उपासलेली वाणी काही ना काही अनुग्रह करतेच. आश्वासन मोजके आहे: ‘काही ना काही’. मला ते मोजकेपणच प्रामाणिक वाटते.

याहून व्यवहारी आहे राजशेखर. महाराष्ट्राशी कुळाचे नाते सांगणारा हा दहाव्या शतकाच्या आरंभीचा पंडित ‘काव्यमीमांसे’त कवीच्या दिवसाचे चार प्रहर पाडून देतो. पहिल्यात अध्ययन, दुसऱ्यात रचना, तिसऱ्यात काव्यगोष्टी, चौथ्यात सकाळच्या रचनेची परीक्षा. कारणही देतो: रसाच्या आवेशात लिहिताना पारखणारी दृष्टी नसते. म्हणजे चार प्रहरांपैकी एकच प्रहर ‘सुचण्या’चा आहे. आज आपण सुचले नाही की सारा दिवस फुकट गेला असे समजतो. राजशेखराच्या हिशेबाने तीन प्रहर तरीही शिल्लक राहतात.

वेळेच्या दृष्टीने त्याने कवींचे चार प्रकारही सांगितले आहेत. सूर्यदर्शनही न घेता एकांतात रचणारा तो असूर्यंपश्य; रचनेत मन बसलेला तो निषण्ण; नोकरीचाकरीला बाध न येऊ देता मिळेल त्या सवडीत रचणारा तो दत्तावसर; आणि प्रसंगापुरता लिहिणारा तो प्रायोजनिक. दत्तावसराच्या वेळाही तो नोंदवतो: पहाट, जेवणानंतरचा निवांतपणा, पालखीतला प्रवास. केशवसुतांना आपण मनात नेहमी असूर्यंपश्य म्हणून पाहतो. जगाकडे पाठ फिरवलेला, छायाचित्रही न उरलेला एकलकोंडा. प्रत्यक्षात ते आयुष्यभर दत्तावसर होते. वर्ग घेतले, परीक्षा दिल्या, वह्या तपासल्या, बदल्यांची गाठोडी बांधली. मराठी कवींपैकी बहुतेक दत्तावसरच आहेत, आणि कवयित्रींना तर नोकरीनंतर घराची दुसरी चाकरी असते. बहिणाबाई चौधरींनी यावर काढलेला तोड आपल्याला ठाऊक आहे. त्यांनी सवडीची वाट पाहिली नाही. जाते, शेत आणि चूल यांच्या लयीतच रचना केली. दत्तावसर कवीचा खंड हा पुष्कळदा प्रतिभेचा नसून अवसराचा असतो. त्याला संपलेपण म्हणणे म्हणजे धरणाचे दार बंद आहे म्हणून नदी मेली असे म्हणण्यासारखे आहे.

यावरून मी खंडाचे तीन प्रकार मानते. अवसर हरपतो, तेव्हा कवीला वेळ आणि विसावा हवा असतो. त्याला स्फूर्तीचे धडे देणे क्रूरपणाचे आहे. रूप हरपते, तेव्हा भाषांतर, जुनी वृत्ते, दुसरा वाङ्मयप्रकार यांनी हात हलता राहतो. खानोलकर आणि विंदा यांची वाट ती. आणि श्रेय हरपते, तेव्हा या दोन्ही उपायांनी भागत नाही. तिथे ‘कशासाठी’ हा प्रश्न सोडवावा किंवा सोसावा लागतो. चौथी एक अवस्था आहे, ती मात्र या यादीत घालू नये. झोप, भूक, माणसे, सगळ्यांतूनच मन उडाले असेल, तर तो कवितेचा प्रश्न नाही. तिथे डॉक्टरांकडे जावे, समीक्षकाकडे नव्हे. त्या दुखण्याला ‘कविमन’ म्हणून कुरवाळण्याची आपल्याकडची रीत घातक आहे.

माझ्या बाबतीत पहिले दोन हरपलेले होते हे मला लवकर कळले. तिसऱ्याचा निवाडा अजून झालेला नाही. वर्षभर मी राजशेखराचे वेळापत्रक माझ्या बेताने पाळते आहे: पहाटे अर्धा तास वाचन, शाळेतून आल्यावर एका जुन्या कवितेचे भाषांतर, रविवारी दोन मैत्रिणींसमोर त्याचे वाचन. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८पासूनचे. तिथल्या टेबलावर बसले, की आपल्या सहा वर्षांचे फारसे वाटत नाही. कविता झालेली नाही. पण परकी वाटलेली ओळ तिसऱ्या दिवशी फाडून टाकायची सवय गेली आहे. ती वहीत राहते.

६

आमच्या भागात हापूसच्या बागेत याच प्रश्नाला रोज तोंड द्यावे लागते. हापूस एकाआड एक वर्ष भरून धरतो. ज्या फांदीला यंदा उशिरा नवी पालवी फुटली, ती यंदा मोहोरत नाही. ती काडी आधी पक्व व्हावी लागते आणि वर थंडी पडावी लागते. बागायतदाराला दर वर्षी बाजार हवा, म्हणून झाडाच्या मुळाशी ‘कल्टार’ घालतात. त्याने पालवीची वाढ आवरते आणि मोहोर धरतो. औषध खोटे नाही, विद्यापीठाची त्याला शिफारस आहे. पण मात्रा चुकली आणि खताची बेगमी नसली तर झाड खंगते, हे इथे कुणालाही विचारावे.

कवितेच्या बाजारातही कल्टार आहे. दर आठवड्याला काहीतरी टाकायचे, दर वर्षी संग्रह काढायचा, प्रत्येक अंकात नाव दिसले पाहिजे, ही त्याचीच मात्रा. आणि यात दिवाळी अंकांचाही हात आहे, हे दिवाळी अंकातच लिहिणे बरे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तो १९०९मध्ये. केशवसुत त्याआधी चार वर्षे गेले होते. ‘अंकासाठी दोन कविता पाठवा’ असे दिवाळी अंकाचे पत्र त्यांना कधी आले नाही. आले असते तर त्यांच्या १३५ कवितांच्या ३०० झाल्या असत्या काय, आणि त्यांत ‘हरपले श्रेय’ असती काय, असा विचार मनात येतो. मागणीने कविता लिहून होतेच. प्रायोजनिक कवी राजशेखरानेही मान्य केला आहे. पण सगळ्यांनाच प्रायोजनिक करून चालणार नाही.

समीक्षेकडून माझी अपेक्षा एवढीच आहे, की तिने खंड मोजावेत आणि त्यांचे प्रकार ओळखावेत. कवीच्या कालपटात संग्रहांची वर्षे लिहितो, तशी लेखन थांबल्याची वर्षेही लिहावीत. त्या वर्षांत तो काय वाचत होता, कशाचे भाषांतर करत होता, कोणत्या नोकरीत होता, कुणाच्या आजारपणात होता, हे शोधावे. असे केले, तर परतून आलेल्या कवितेचा अर्थ अधिक कळेल. न परतलेल्या कवींनाही ‘संपले’ या एका शब्दात उरकता येणार नाही.

मालगुंडला कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेले केशवसुतांचे स्मारक आहे. त्याचे उद्घाटन १९९४मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. तिथे येणाऱ्या मुलांना ‘तुतारी’ पाठ असते. शिक्षकांनी त्यांना ‘हरपले श्रेय’ही वाचून दाखवावी. अवघड वाटेल, सगळी कळणार नाही. पण त्यांतल्या एखाद्या मुलाला वा मुलीला पुढे कधीतरी तीन-चार वर्षे काही सुचणार नाही, तेव्हा एवढे आठवले तरी पुरे आहे, की तुतारी फुंकणाऱ्या कवीचाही आवाज हरपला होता, आणि आवाज हरपल्याचे त्याने लिहून ठेवले होते.